जूनमधला बेडूक आता कुठे आहे? लहान मुलांना शीतनिद्रा शिकवताना

शीतनिद्रेचा पाठ पहिल्यांदा घेतला तेव्हा मी सगळं चित्रातल्यासारखं केलं होतं. पुठ्ठ्याची गुहा, कापसाचा बर्फ आणि आत चॉकलेटी रंगाचं कापडी अस्वल. समोर पाच-साडेपाच वर्षांची मुलं. मी ऐटीत सांगितलं, "थंडी पडली की अस्वल गुहेत जातं आणि थंडी संपेपर्यंत झोपून राहतं." चंद्रपूरकडून नुकताच आमच्याकडे आलेला एक मुलगा म्हणाला, "ताई, आमच्या इकडचं अस्वल तं थंडीतबी फिरते. बोरं खाते."

त्याचं बरोबर होतं. ताडोबात, मेळघाटात राहणारं आपलं अस्वल शीतनिद्रा घेत नाही. वाळवी, मुंग्या, बोरं, मध, मोहाची फुलं असं काही ना काही त्याला बारा महिने मिळतं, मग ते कशाला झोपून राहील? माझा पाठ त्या एका वाक्यात कोसळला. दुसऱ्या वर्षी मी क्रम उलटा केला. आधी बेडूक, शेवटी अस्वल. आता हाच क्रम मी सगळ्यांना सुचवते. घरी एका मुलाला शिकवणारे आईबाबा असोत की वीस-पंचवीस मुलं सांभाळणाऱ्या बालवाडीताई, दोघांनाही तो चालतो.

आधी तुमच्यापुरतं

मुलांसमोर जाण्याआधी एक गोष्ट स्वतःला पटली पाहिजे. शीतनिद्रा म्हणजे झोप नव्हे, ती काटकसर आहे. अन्न मिळण्याचे दिवस संपले की प्राणी शरीराचा खर्च कमी करतो. हृदय सावकाश चालतं, श्वास विरळ होतो, अंग गार पडतं. साठवलेल्या चरबीवर दिवस काढले जातात. आपण रात्री झोपतो तेव्हा यातलं जवळपास काहीच होत नाही. गंमत म्हणजे जमिनीत राहणाऱ्या काही खारी शीतनिद्रेतून मध्येच जाग्या होतात, अंग पुन्हा गरम करतात आणि त्या वेळात बराचसा वेळ चक्क खरी झोप काढतात. म्हणजे शीतनिद्रेत झोप पूर्ण होत नाही, उलट राहून जाते!

दुसरी गोष्ट, थंडी हे या काटकसरीचं एकमेव कारण नाही, अनेकांतलं एक आहे. खरी अडचण टंचाईची. लडाखमध्ये ती बर्फामुळे येते, आपल्याकडे पाणी आटल्यामुळे. म्हणून तिकडे शीतनिद्रा दिसते आणि इकडे ग्रीष्मनिद्रा, म्हणजे कोरड्या दिवसांतली अशीच काटकसर, जास्त. मादागास्करमध्ये जाड शेपटीचा एक छोटा लेमूर (माकडांचा दूरचा नातलग) असतो. तो कोरड्या ऋतूत सात-सात महिने असा पडून राहतो, आणि तेही झाडाच्या ढोलीत, उबदार हवेत. त्याची चरबी शेपटीत साठवलेली असते. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा शीतनिद्रा फक्त थंड प्रदेशातच असते ही समजूत मोडीत निघाली. मुलांना लेमूर सांगायलाच हवा असं नाही, पण "थंडी वाजते म्हणून झोपतात" हे वाक्य तुमच्या तोंडातून जाऊ नये यासाठी तो तुम्हाला माहीत असलेला बरा.

वयाचं म्हणाल तर तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना "कोण कुठे दडलंय" एवढंच पुरतं. ठोके, चिंचोके, नकाशा हे सगळं साधारण पाचच्या पुढे. "शीतनिद्रा" हा शब्द सगळ्यांना द्यावा. लहान मुलांना जड शब्द आवडतात आणि ती दिवसभर तो घोकत हिंडतात. "ग्रीष्मनिद्रा" मात्र एकाच दिवशी देऊ नका, दोन्हींची खिचडी होते.

पहिली पायरी: बेडकापासून सुरुवात

पाठ डिसेंबर-जानेवारीत घ्या आणि प्रश्न विचारूनच सुरू करा. "जूनमध्ये रात्री कोण ओरडत होतं?" डराव-डराव सगळ्यांना येतं, पाच मिनिटं वर्ग डबकंच होऊन जातो. होऊ द्या. मग विचारा, "आता ते कुठे गेले?"

उत्तरं लिहून ठेवा. मला आजवर मिळालेली काही उत्तरं: मेले. समुद्रात गेले. सापाने खाल्ले. मामाकडे गेले. आणि एक जुनं, घराघरांतून आलेलं उत्तर म्हणजे बेडूक पावसाबरोबर आकाशातून पडतात, म्हणून पाऊस नाही तर बेडूक नाहीत. या उत्तराला हसू नका. पहिल्या पावसाच्या रात्री अचानक शेकडो बेडूक दिसले तर कुणालाही तसंच वाटेल.

आता सांगा की बेडकाची कातडी ओली असावी लागते, कारण तो कातडीनेही श्वास घेतो. पाऊस थांबला, डबकी आटली, किडे कमी झाले की तो ओलसर माती शोधतो. काही बेडकांच्या मागच्या पायाच्या तळव्याला खुरप्यासारखा कडक उंचवटा असतो. ते तोंड वर ठेवून मागच्या मागे माती उकरत खाली जातात. हे मुलांना करून दाखवायला लावा. उकिडवं बसून पाय मागे झाडत झाडत पाठीमागे सरकायचं. वर्गात धक्काबुक्की होते, म्हणून एका वेळी चार-पाच मुलंच उठवा.

एखादं चौकस मूल म्हणेलच, "पण आमच्या विहिरीत तर आत्ताही बेडूक आहे." शाबासकी द्या. विहिरीत पाणी आहे, खायला आहे, मग त्याला दडायची गरजच काय? चंद्रपूरच्या अस्वलाचं तेच आणि विहिरीतल्या बेडकाचंही तेच. टंचाई नाही तर निद्रा नाही.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी एक जोड आहे. आषाढी एकादशीला देव झोपतात आणि कार्तिकीला उठतात. बेडकाचं नेमकं उलटं. देव झोपले की हा जागा, देव उठले की हा मातीत. चातुर्मासाचे चार महिने म्हणजे त्याचं खाणं, लग्न, पिल्लं, सगळं काही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या मंडूकसूक्तातही वर्षभर मौन धरून पडलेले बेडूक पावसाने बोलते होतात असं वर्णन आहे. म्हणजे हे निरीक्षण आपल्याकडे फार जुनं आहे. मुलांना सूक्त नको, पण आजीला ही एकादशीची गोष्ट सांगायला फार आवडते आणि मुलं ती घरून पक्की करून येतात.

शहरातल्या मुलांना बेडूकच माहीत नसेल तर पालीपासून सुरुवात करा. पुणे, नाशिकसारख्या ठिकाणी थंडी पडली की ट्यूबलाइटजवळची पाल कमी दिसते. पालीचं अंग बाहेरच्या हवेप्रमाणे गार-गरम होतं. हवा गार, तर पालही सुस्त, आणि तिचे किडेही कमी. ही पूर्ण शीतनिद्रा नाही, थंडीने आलेली सुस्ती आहे. मुंबईत मात्र हे उदाहरण चालत नाही. तिथल्या पालींना हिवाळा ठाऊकच नाही.

दुसरी पायरी: ठोके मोजणं

झोप आणि शीतनिद्रा यांतला फरक शब्दांनी सांगितला तर मुलांच्या डोक्यावरून जातो. तो हाताला कळला पाहिजे.

मुलांना छातीवर तळहात ठेवून शांत बसवा. ठोका सापडत नसेल तर दोन मिनिटं जागच्या जागी उड्या मारायला लावा, मग सगळ्यांना सापडतो. तुम्ही घड्याळ बघा आणि मुलांना ठोक्याबरोबर टाळ्या वाजवू द्या. या वयाच्या मुलांचे ठोके बसल्या जागी मिनिटाला साधारण ८० ते १२० असतात, त्यामुळे टाळ्या भराभर पडतात.

मग मार्मोटची ओळख करून द्या. हा लडाखचा प्राणी. खारीच्या कुळातला, पण मोठ्या मांजराएवढा, गुबगुबीत, बिळात राहणारा आणि धोका दिसला की शिट्टी मारणारा. उन्हाळाभर गवत खाऊन तो लठ्ठ होतो आणि मग सहा महिन्यांहून जास्त काळ बिळात. मार्मोटच्या जातीत या काळात हृदयाचे ठोके मिनिटाला पाच-दहावर येतात. आता मार्मोटच्या टाळ्या वाजवायच्या. एक टाळी. मग तुम्ही मनात दहा मोजा. मग दुसरी टाळी.

दहा सेकंद गप्प बसणं पाच वर्षांच्या मुलांना फार अवघड जातं. दुसऱ्या टाळीआधीच कुणीतरी फिसकन हसतं, आणि "तुझा मार्मोट उठला!" असं शेजारचा ओरडतो. खेळ तिथेच जमला म्हणायचा. मी गोधडी अंथरून पाच मार्मोट तिच्यावर अंगाची मुटकुळी करून एकमेकांना चिकटून झोपवते. मार्मोट खरंच असे कुटुंबाने एकत्र झोपतात आणि बिळाचं तोंड आतून माती-गवताचा बोळा लावून बंद करतात. बाकीची मुलं टाळ्या देतात. एकदा तरी एक मूल तिथे खरंच झोपी जातं. त्याला उठवू नका.

कुंभकर्णाची आठवण इथे कुणीतरी काढतंच. काढू द्या. मात्र फरक दाखवा. कुंभकर्ण सहा महिने झोपून एकच दिवस उठतो आणि त्या दिवसात सगळं खाऊन टाकतो. मार्मोट आधी महिनोन्‌महिने खातो आणि मग झोपतो. कुंभकर्ण उधारीवर, मार्मोट शिल्लकीवर.

तिसरी पायरी: चिंचोक्यांचा हिशोब

हा खेळ माझा सगळ्यात आवडता आहे आणि पूर्ण पाठातून एकच काही करायचं असेल तर हाच करा.

दोन मुलं समोर बसवा. दोघांपुढे वीस-वीस चिंचोके. ही पोटातली चरबी. एक जण हिवाळ्यातही जागाच राहणारा, दुसरा शीतनिद्रेतला. बाहेर बर्फ आहे, नवीन अन्न मिळणार नाही. तुम्ही हाका द्यायच्या, "पहिला आठवडा!" जागा असलेला मधल्या वाटीत चार चिंचोके टाकतो, झोपलेला एक. "दुसरा आठवडा!" पुन्हा चार आणि एक. पाचव्या आठवड्याला जागा राहणाऱ्याचा ढीग संपतो आणि झोपलेल्यापुढे अजून पंधरा शिल्लक असतात. तो मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. मोजत गेलात तर झोपलेल्याचे वीस आठवडे निघतात, म्हणजे साडेचार महिने. एवढ्यात बर्फ वितळायला लागतो.

चारास एक हे प्रमाण मी हवेतून घेतलेलं नाही. अमेरिकेतल्या काळ्या अस्वलांवर झालेल्या अभ्यासात शीतनिद्रेत त्यांच्या शरीराचा खर्च नेहमीच्या साधारण एक चतुर्थांशावर येतो असं आढळलं आहे. मार्मोट तर याहूनही चिक्कू.

आता खेळात खोडी घाला. तिसऱ्या मुलाला सांगा, जा, झोपलेल्याला ढोसून उठव. उठला? तीन चिंचोके दंड. पुन्हा उठवला? आणखी तीन. कारण गार पडलेलं अंग पुन्हा गरम करायला खूप चरबी जळते. दोन-चार वेळा उठवल्यावर त्याचाही ढीग वसंत येण्याआधीच संपतो. "बेडूक उकरून काढायचा नाही, बिळात काठी घालायची नाही" हे नुसतं सांगून मुलं ऐकत नाहीत. दंड भरताना पाहिल्यावर ऐकतात.

तीन वर्षांच्या मुलांबरोबर चिंचोके अजिबात घेऊ नका. एक तरी चिंचोका नाकात जातो. हे मी अनुभवाने सांगते आहे आणि तो दिवस मला पुन्हा नको. लहानांसाठी बटाटे किंवा लाकडी ठोकळे घ्या आणि वीसऐवजी आठवर भागवा.

चौथी पायरी: गोधडीतला बर्फ

मुलांना विचारा, गोधडी गरम असते का? सगळी हो म्हणतात. मग दोन बशांत बर्फाचा एकेक खडा ठेवा. एक उघडा, दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. कुठला आधी वितळेल? गोधडीतला, असं सगळे छातीठोकपणे सांगतात, कारण गोधडी गरम ना! अर्ध्या-पाऊण तासाने उघडा. उघडा खडा वितळून पाणी झालेलं असतं, गोधडीतला अजून शाबूत.

गोधडी गरम करत नाही. ती फक्त आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवते. चरबी, लव, बिळात भरलेलं गवत, अंगावरचा मातीचा थर ही सगळी त्या प्राण्यांची गोधडीच. मोठ्या मुलांना चरबी दाखवायची असेल तर एका पिशवीत डालडा भरा, तिच्यात दुसरी पिशवी उलटी घालून हातमोजा करा आणि तो हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला सांगा. दुसरा हात तसाच. दुसरा हात दहा सेकंदांत बाहेर येतो. पिशव्या जाड घ्या आणि तोंडं चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर डालडा फरशीवर आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत पुसत.

खोबरेल तेलाची बाटलीही हाताशी ठेवा. थंडीत ती थिजते हे मुलांनी पाहिलेलं असतं. "आपल्या अंगातलं पाणी असं थिजलं तर?" हा प्रश्न सात-आठ वर्षांच्या मुलांना विचारावा. अलास्कातला एक रानबेडूक खरंच थिजतो. त्याच्या शरीरातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबतं, आणि वसंतात तो वितळून उड्या मारत निघून जातो. पेशी फाटू नयेत म्हणून तो अंगात साखर भरून घेतो. उत्तर ध्रुवाकडची एक खार तर अंग शून्याच्याही खाली, उणे २.९ अंशांपर्यंत उतरवते, तरी गोठत नाही. ही दोन उदाहरणं ऐकून मोठी मुलंही दचकतात. पाच वर्षांच्या मुलांना "हृदय थांबतं" सांगू नका. ती रात्री स्वतःचे ठोके तपासत बसतात.

पाचवी पायरी: लडाख ते उजनी

जमिनीवर दोरी किंवा रांगोळीने भारताचा ढोबळ आकार काढा. वर लडाख, खाली आपण. लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे दहाच्या खाली सहज जातो. आपल्याकडे निफाडमध्ये पारा पाचवर आला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. म्हणजे तिथल्या प्राण्यांना काहीतरी युक्ती हवीच.

तीन मुलांना लडाखमध्ये उभं करा. एक मार्मोट, एक याक, एक पट्टकादंब. पट्टकादंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला करडा हंस. उन्हाळ्यात तो लडाखच्या तळ्यांकाठी पिल्लं वाढवतो. आता तुम्ही "हिवाळा आला!" म्हणा. मार्मोट गोधडीखाली शिरतो. याक लांब, दाट केसांची घोंगडी वाढवतो आणि तिथेच बर्फ उकरत चरतो. पट्टकादंब मात्र पंख हलवत थेट खाली येतो. दर हिवाळ्यात हे हंस महाराष्ट्रातही उतरतात, भिगवणजवळ उजनीच्या पाणथळीत ते पाहता येतात. लेहपासून पुण्यापर्यंत सरळ रेषेत पावणेदोन हजार किलोमीटर होतात. हिमालय ओलांडताना हे हंस सात हजार मीटरच्याही वर उडाल्याची नोंद आहे.

मुलांना मग तीन नावं आपोआप सुचतात. आमच्या वर्गाने ठेवली ती अशी: झोपू, सोसू आणि पळू. या तीन टोपल्या करून मग प्राण्यांची चित्रं त्यांत टाकायला द्या. अंगणातली खार कुठे? ती आपल्याकडे हिवाळ्यातही शेंगदाणे पळवतेच आहे, तिच्यासाठी चौथी टोपली लागते, "काहीच करायला नको." धोबी पक्षी? पळू, तो उत्तरेकडून इथे आला आहे. विदर्भातलं अस्वल? चौथी टोपली. हिमालयातलं तपकिरी अस्वल? झोपू.

जमलं तर या आठवड्यात भिगवणला किंवा निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला एक फेरी मारा. झोपलेला प्राणी मुलांना दाखवता येत नाही आणि दाखवूही नये. पळून आलेला मात्र दुर्बिणीतून दाखवता येतो. सकाळी लवकर जा, सोबत चहाचा थर्मास ठेवा आणि लाल-भडक स्वेटर घालू नका.

आता अस्वल

आता ते कापडी अस्वल बाहेर काढायला हरकत नाही. मुलांना एव्हाना पुरेसं कळलेलं असतं, त्यामुळे ती अस्वलाला फसत नाहीत.

अस्वलाची शीतनिद्रा हलकी असते. मार्मोटचं अंग बिळाएवढं गार होतं, अस्वलाचं तापमान मात्र थोड्याच अंशांनी उतरतं. हात लावला तर ते उठू शकतं, म्हणून गुहेत डोकावायचं नसतं. मादीला पिल्लंही त्याच काळात, गुहेतच होतात आणि ती त्यांना तिथेच दूध पाजते. मुलांना ही माहिती इतकी आवडते की बाकी सगळं बाजूला पडतं. ध्रुवीय अस्वलात तर फक्त पोटुशी मादी बर्फात गुहा करून राहते, नर हिवाळाभर शिकार करत हिंडतो. म्हणजे "अस्वलं हिवाळ्यात झोपतात" हे वाक्य अर्धंच खरं, कुठलं अस्वल ते आधी विचारायचं.

आणि शू-शीचा प्रश्न येणारच. लाजू नका. शीतनिद्रेतलं अस्वल महिनोन्‌महिने शू करत नाही, शीही नाही. मूत्रातून बाहेर टाकायचं द्रव्य त्याचं शरीर पुन्हा वापरून घेतं, म्हणूनच इतके दिवस पडून राहूनही त्याचे स्नायू फारसे झडत नाहीत. एका मुलीने यावर विचारलं होतं, "मग उठल्यावर पहिलं काम काय करत असेल?" वर्ग अर्धा तास आवरला नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी घरांसाठी थोडं वेगळं. अमेरिकेत २ फेब्रुवारीला शाळेत ग्राउंडहॉग दिवसाची चर्चा होते. पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात ही प्रथा १८८७ पासून चालू आहे. ग्राउंडहॉग हा मार्मोटच आहे, लडाखवाल्याचा चुलतभाऊ, एवढं सांगितलं की नकाशा जोडला जातो. इंग्लंड-जर्मनीत बागेत पाचोळ्याच्या ढिगात साळूसारखा काटेरी छोटा हेजहॉग झोपतो. तो ढीग हलवू नका हेही मुलांना तिथेच शिकवता येतं. आणि संध्याकाळी आजीला फोन लावून विचारा, "तुमचे बेडूक उठले का?"

एक प्रश्न जपून हाताळायचा

"तो मेला का?" हा प्रश्न दर वर्षी येतो. बहुतेक वेळा साधा असतो. कधीकधी नसतो. घरात कुणी गेलं असेल तेव्हा मोठी माणसं मुलांना "आजोबा झोपलेत" असं सांगून मोकळी होतात. त्या मुलाने इथे ऐकलं की अंग गार पडतं, ठोके मंदावतात आणि वसंतात प्राणी उठतो, तर ते काय समजेल याचा विचार करा. माझ्याकडे एका मुलाने दोन दिवसांनी विचारलं होतं, "मग आजोबा पावसाळ्यात उठतील?" मला उत्तर सुचलं नाही. मी त्याला जवळ घेऊन बसले आणि दुपारी त्याच्या आईशी बोलले.

तेव्हापासून मी पाठ घेण्याआधी पालकांना चिठ्ठी देते आणि मुलांना सरळ सांगते. शीतनिद्रेतलं हृदय हळू चालतं, पण चालत असतं. मेलेल्याचं चालत नाही आणि ते पुन्हा उठत नाही. टाळ्यांचा खेळ आधी झालेला असेल तर हे वाक्य मुलांना पटकन समजतं, कारण दोन टाळ्यांमधली शांतता त्यांनी स्वतः अनुभवलेली असते. पुढची टाळी येतेच.

बाहेर काय दाखवता येईल

बेडूक उकरायचा नाही. पण गोगलगाय सापडू शकते. कोरड्या दिवसांत शंखी गोगलगाय भिंतीला किंवा खोडाला चिकटून बसते आणि शंखाच्या तोंडावर पांढरट पापुद्र्याचं झाकण लावून घेते. पापडासारखं दिसतं ते. आतला ओलावा बाहेर जाऊ नये यासाठी केलेलं आहे. दुरून भिंगाने बघा. मोठ्या आफ्रिकन गोगलगाईला उघड्या हाताने स्पर्श करू देऊ नका, तिच्यातून माणसाला रोग होऊ शकतो. चुकून हात लागला तर साबणाने धुवा.

कोकणात, घाटमाथ्यावर असाल तर आटलेल्या ओढ्याकाठची खेकड्यांची बिळं दाखवा. खेकडे त्यांत खोल ओलाव्यापाशी बसलेले असतात. इथेही काठी घालायची नाही, दंड कुणाला पडतो ते आता मुलांना माहीत आहे.

पाठ जूनमध्ये पूर्ण होतो

मुलांच्या वहीत या पाठासाठी दोन पानं ठेवा. डाव्या पानावर आत्ता मातीतला बेडूक काढायचा. बहुतेक मुलं त्याला उशी आणि पांघरूण देतात, ते खोडू नका. उजवं पान कोरं ठेवायचं आणि वर फक्त "पहिला डराव" एवढं लिहायचं.

बालवाडीची मुलं तोवर पहिलीत गेलेली असतात, म्हणून वही शाळेत जमा करून घेऊ नका, घरी पाठवा आणि पालकांना सांगून ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की रात्री खिडकी उघडी ठेवायची. आवाज आला की मूल झोपलेलं असलं तरी त्याला उठवायचं, वही काढायची आणि उजव्या पानावर तारीख घालायची. आवाजाच्या मागावर टॉर्च घेऊन गेलात तर डबक्याकाठी पिवळाधमक झालेला नर दिसेल. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून तो ओरडत असतो. गमबूट घाला, पावसात सापही बाहेर असतात.